भाडं २२ हजार, हातात ११: फ्लॅट भाड्याने देणाऱ्यासाठी खर्चाचा हिशेब, पायरी-पायरीने

सिंहगड रोडवरचा आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट २२,००० रुपयांनी भाड्याने जातो. नातेवाईक मनातल्या मनात लगेच बाराने गुणतात आणि म्हणतात, "वा, अडीच लाख बसल्या जागी!" पहिली दोन वर्षं मीही असंच गुणत होतो. तिसऱ्या वर्षी एका रविवारी वही घेऊन बसलो, सोसायटीची बिलं, मिळकतकराची पावती, रंगाऱ्याचा हिशेब असं सगळं समोर मांडलं, तेव्हा कळलं की २२ हजारांतले जेमतेम निम्मे आपले. घर द्यायला काढण्याआधी कुठला खर्च कुणाचा आणि किती, हे ठरवून टाकलं असतं तर त्यातले बरेचसे वाचले असते. ते कसं ठरवायचं ते सांगतो. उदाहरण पुण्याचं आहे. करारनाम्याचे, सोसायटीचे आणि आयकराचे नियम मात्र महाराष्ट्रात कुठेही हेच.

पहिलं काम: खर्चाची वाटणी कागदावर

मी एकच कसोटी लावतो. वास्तूचा खर्च मालकाचा, वापराचा खर्च वापरणाऱ्याचा. मिळकतकर, सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी सोसायटी साठवते तो निधी), दुरुस्ती निधी, पाइपलाइन, भिंतीतली ओल, वायरिंग हे माझं. वीज, गॅस, इंटरनेट, गाडीचं स्टिकर, दरवाजाच्या हरवलेल्या चाव्या हे त्याचं.

वाद होतो तो मधल्या गोष्टींवरून. नळाचा वॉशर गेला, गिझरची कॉइल जळली, फ्लश टँक गळतोय, एक्झॉस्ट फॅन अडकलाय. यातल्या प्रत्येकासाठी फोन यायला लागले की डोकं फिरतं. भाडेकरूचंही फिरतं, कारण "बघतो" म्हणून मालक आठवडाभर गायब. त्यावर उपाय म्हणून मी करारात एक आकडा टाकतो: एका वेळची दुरुस्ती ५०० रुपयांच्या आत असेल तर भाडेकरूने परस्पर करून घ्यायची, वर गेली तर मला आधी फोटो पाठवायचा आणि खर्च माझा. आकडा तुम्ही हजार ठेवा, पण ठेवा. वॉशरसाठी रात्री साडेनऊला येणारे फोन तेव्हापासून बंद झाले.

दुसरी मधली गोष्ट म्हणजे टँकर. आमच्या भागात मार्च संपला की सोसायटी टँकर मागवते आणि मे महिन्याच्या बिलात ७००-८०० रुपये जादा लागून येतात. मेंटेनन्स मालकाने भरायचं असं ठरलं असेल तर हे कुणाचे? पाणी वापरलं भाडेकरूने, बिल आलं माझ्या नावावर. करारात मी आता "नियमित मासिक मेंटेनन्स मालक भरेल, टँकरची जादा वर्गणी भाडेकरू" असं सरळ लिहितो. गणपतीची वर्गणी मात्र कुणाच्याच यादीत घालू नये. जो आरतीला जातो तो देतो.

करारनामा: नोंदणी का, आणि खर्च किती

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लोक या दंडाला घाबरतात. मला त्याच कलमातली दुसरी ओळ जास्त महत्त्वाची वाटते: नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे वरची सगळी वाटणी तोंडी ठरवली असेल तर तिला काही किंमत नाही. नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आणलेला करार इथे उपयोगी पडत नाही.

लिव्ह अँड लायसन्स म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याचा करार. त्याचं मुद्रांक शुल्क असं मोजतात: पूर्ण मुदतीचं भाडं, परत न करायची रक्कम असल्यास ती, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. या बेरजेवर ०.२५ टक्के. आमचा मागचा करार २४ महिन्यांचा होता. पहिलं वर्ष २२,००० आणि दुसरं २३,१००, म्हणजे भाडं ५,४१,२००. डिपॉझिट ७५,०००, त्यावर दोन वर्षांचं धरलेलं व्याज १५,०००. बेरीज ५,५६,२००, तिचे ०.२५ टक्के १,३९०.५०, शंभराच्या पटीत वर नेऊन १,४००. त्यावर शहरी भागात नोंदणी फी १,०००, ग्रामीण भागात ५००. घरी येऊन आधारवर अंगठे घेणाऱ्या एजंटची फी वेगळी. आम्हाला सगळं मिळून ४,००० लागले, ते निम्मे-निम्मे केले.

मुदत ११ महिन्यांचीच हवी, हा समज महाराष्ट्रात बाळगण्याचं कारण नाही. नोंदणी तशीही करायचीच आहे आणि लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतं. दर ११ महिन्यांनी नोंदणी फी आणि एजंट भरत बसण्यापेक्षा २४ महिन्यांचा करार, भाडेवाढ आतच लिहिलेली, आणि एक महिन्याच्या नोटिशीची अट, हे स्वस्त पडतं. मुदत संपल्यावर भाडेकरू हलला नाही तर कलम २४ प्रमाणे भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते, म्हणून संपण्याची तारीख अचूक टाका.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन द्या आणि पोच जपून ठेवा. यात पैसे जात नाहीत, पाऊण तास जातो.

सोसायटीचं बिल ओळ-ओळ वाचा

इथे मालकांचे सर्वांत जास्त पैसे नकळत जातात, म्हणून जरा थांबतो.

आमचं महिन्याचं बिल २,९०० रुपयांचं आहे. सेवा शुल्क १,४५०, पाणी २५०, सिंकिंग फंड २००, दुरुस्ती निधी ६००, लिफ्ट २००, पार्किंग २००. सेवा शुल्कात वॉचमन आणि सफाईवाल्यांचे पगार, सामाईक वीज, ऑडिट फी, स्टेशनरी वगैरे येतं आणि ते सगळ्या फ्लॅटना समान असतं, लहान असो की मोठा. पाणी नळांच्या संख्येवर आणि आकारावर, सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, हे सगळं दिलेलं आहे.

फ्लॅट भाड्याने दिला की यात एक ओळ वाढते: नॉन ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे बिनभोगवटा शुल्क. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे हे सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते धरताना महापालिकेचे कर वगळायचे. नीट वाचा. सेवा शुल्काच्या, पूर्ण बिलाच्या नव्हे. आमच्या उदाहरणात १,४५० चे १० टक्के म्हणजे १४५ रुपये. पूर्ण बिलावर लावले तर २९०. आणि आमच्या सोसायटीने तर दोन्ही न करता सरसकट १,००० लावले होते, "बाहेरच्यांमुळे लिफ्ट जास्त वापरली जाते" म्हणून. मी आधी सेक्रेटरींना जिन्यात गाठून बोललो. ते म्हणाले, "अहो, जनरल बॉडीने ठराव केलाय." ठराव झाला म्हणून मर्यादा ओलांडता येत नाही. मग एक पानी पत्र दिलं: आदेशाची तारीख, माझ्या बिलातल्या रकमा, १४५ चा हिशेब, आणि शेवटी इतकंच की अन्यथा सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागेल. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेतला. तीन महिन्यांनी जादा घेतलेले पैसे पुढच्या बिलांत वळते झाले. भांडण झालं नाही. उलट, आणखी चार भाडेवाले मालक माझ्याकडे पत्राची प्रत मागायला आले.

घरात आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, जावई, नातवंडं असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर हे शुल्क लागतच नाही.

भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची व पोलिसांकडच्या माहितीची प्रत द्यायची. "मूव्ह-इन चार्जेस" म्हणून मागितलेल्या हजार-दोन हजारांची पावती मागून बघा. बऱ्याचदा मागणीच मागे घेतली जाते.

मेंटेनन्स कुणी भरायचं? भाडेकरूने परस्पर भरायचं ठरवलं आणि त्याने चार महिने भरलं नाही, तर थकबाकीदार तुम्ही, आणि सोसायटीला थकबाकीवर सरळव्याज लावता येतं. म्हणून मी स्वतः भरतो. याची किंमतही मोजावी लागते, ती पुढे आयकरात येईल. मोठ्या टॉवरमधल्या मालकांनी एक ओळ आणखी बघावी: मेंटेनन्स महिना ७,५०० च्या वर आणि सोसायटीची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर असेल तर १८ टक्के जीएसटी लागतो.

मिळकतकर: पुण्यातली एक खाच

पुणे महापालिका हद्दीत मालक स्वतः राहत असेल तर करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत असते. त्यासाठी पीटी-३ अर्ज भरून घेतात. घर भाड्याने दिलं की ही सवलत नाही. ज्या घराला सवलतीसह ८,४०० कर येत होता त्याला सुमारे १४,००० येतो. भाडं ठरवताना हे ५,६०० धरायचे असतात. मी पहिल्या वर्षी धरले नव्हते. भाड्याने देऊनही सवलत चालू ठेवणारे महाभाग आहेत. तपासणीत सापडलं की मागचा फरक निघतो आणि थकबाकीवर महिन्याला २ टक्के चढतात.

हा कर भाडेकरूच्या गळ्यात घालू नका. आयकरात मिळकतकराची वजावट मालकाने स्वतः, आणि त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेल्या रकमेचीच मिळते. भाड्यात धरा, पावती तुमच्या नावाने फाडा. बिल वेळेत भरून मिळणारी सवलतही तुमचीच.

वीज आणि गॅस: मीटरचा फोटो

वीजजोडणी तुमच्या नावावर असते, म्हणून थकबाकीही तुमच्याच नावावर राहते. चावी देताना मीटरचं रीडिंग दोघांनी मिळून बघायचं, तारखेसह फोटो काढायचा, आणि तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवायचा. महावितरणच्या अ‍ॅपमध्ये ग्राहक क्रमांक तुमच्याही फोनवर जोडून ठेवा, म्हणजे बिल भरलं की नाही ते विचारावं लागत नाही.

वर्षातून एकदा, साधारण उन्हाळ्यात, जादा सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. भाडेकरूचा वापर वाढला म्हणून ते आलेलं असतं, पण ठेव ग्राहकाच्या, म्हणजे तुमच्या नावावर जमा होते आणि त्यावर व्याजही तुमच्याच बिलात वळतं होतं. ते तुम्ही भरा. एका भाडेकरूने हे नेहमीचं बिल समजून १,९०० रुपये भरले होते आणि घर सोडताना बरोबर आठवण काढली. त्याचंच बरोबर होतं.

पाइप गॅसचं बिल दोन-दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे घर सोडताना ते हमखास मागे राहतं.

वर्षाचा हिशेब

आता वही उघडू. भाडं २२,००० गुणिले १२, म्हणजे २,६४,०००. यातून जाणारे:

मेंटेनन्स ३४,८००
नॉन ऑक्युपन्सी १,७४०
मिळकतकर १४,०००
ब्रोकरेज ११,००० (एक महिन्याचं भाडं, दोन वर्षांत विभागून)
करारनामा १,००० (माझा निम्मा वाटा, दोन वर्षांत)
रंगकाम १४,००० (२८,०००, दोन वर्षांनी एकदा)
रिकामा महिना ११,००० (दोन वर्षांत एक)
किरकोळ दुरुस्ती ८,०००

एकूण ९५,५४०. उरले १,६८,४६०, म्हणजे महिना १४ हजार.

आता आयकर. भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा केला की २,५०,००० राहतात. त्यातून ३० टक्के ठोक वजावट, ७५,०००. करपात्र १,७५,०००. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह ३६,४०० कर. उरले १,३२,०६०, म्हणजे महिना ११ हजार.

ही ३० टक्के वजावट सरसकट असते. खर्च एक रुपया केला तरी मिळते, लाख केला तरी तेवढीच. दुरुस्ती, ब्रोकरेज, रंग, मेंटेनन्स यांच्या पावत्या आयकरात वेगळ्या दाखवायच्या नसतात. माझा या सदरातला प्रत्यक्ष खर्च ७०,५४० आणि वजावट ७५,०००. सरकारचा अंदाज फारसा चुकलेला नाही, हे मान्य करावं लागतं.

मेंटेनन्सचा मुद्दा इथे परत येतो. करारात भाडं १९,००० आणि ३,००० मेंटेनन्स भाडेकरू परस्पर सोसायटीला, असं लिहिलं तर करपात्र भाडं ३६,००० ने कमी होतं आणि वरच्या उदाहरणात वर्षाला ५,२०० रुपयांच्या आसपास कर वाचतो. पण नोकरदार भाडेकरूला एचआरएसाठी, म्हणजे घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी, भाड्याचा आकडा मोठा हवा असतो, आणि थकबाकीचा धोका तुमचा. भाडेकरू दोन वर्षं पाहिलेला असेल तर परस्पर भरू द्या. नवा असेल तर मी ५,२०० सोडून देतो. आणि भाडं लपवण्याचा विचार मनात असेल तर, वर्षाला लाखाच्या वर भाडं असलं की एचआरएसाठी भाडेकरू तुमचा पॅन ऑफिसात देतोच.

फ्लॅटवर गृहकर्ज असेल तर भाड्याने दिलेल्या घराचं व्याज भाड्यातून वजा होतं. व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं तर जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वळता करता येतो, नव्या प्रणालीत येत नाही.

महिना ५०,००० च्या वर भाडं असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापायचा असतो. मालक परदेशात असेल तर मात्र गणित बदलतं, आणि हे दुबई-अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना फार उशिरा कळतं: अनिवासी मालकाच्या भाड्याला ५०,००० ची सूट नाही, पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के कापावे लागतात. कापले नाहीत तर जबाबदार भाडेकरू. कमी दराने कापण्याचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी मिळवून ठेवा, नाहीतर परताव्यासाठी विवरणपत्र भरून वाट बघा.

डिपॉझिट: घर सोडण्याचा दिवस

आमचा मागचा भाडेकरू, आयटीतला मुलगा आणि त्याची बायको, ३१ तारखेला निघाले. टेम्पो खाली उभा. "काका, डिपॉझिट आजच मिळेल ना? नव्या घराला द्यायचंय." मी भिडेखातर सगळे ७५,००० तिथेच पाठवले. ९ तारखेला विजेचं बिल आलं ३,८४० रुपयांचं. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांनी नवा एसी लावला होता. पाठोपाठ गॅसचं बिल आलं. त्याने पैसे दिले, पण तीन वेळा आठवण करावी लागली, आणि ती करताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

आता करारातच लिहितो: चावी देताना ५,००० मागे ठेवून बाकी सगळं डिपॉझिट त्याच दिवशी, आणि ५,००० चा हिशेब शेवटची बिलं आल्यावर, ४५ दिवसांच्या आत. दोघांनाही आधी माहीत असतं, म्हणून त्या दिवशी कुणाचा चेहरा पडत नाही.

रंगाचा खर्च डिपॉझिटमधून कापायचा का? माझा हिशेब असा: रंग चार वर्षं टिकायला हवा. दोन वर्षांनी भिंत फक्त मळली असेल तर ती वापराची झीज, माझा खर्च. लहान मुलाने खडूने अख्खा हॉल रंगवला असेल, तर उरलेल्या दोन वर्षांचं मूल्य, म्हणजे त्या भिंतींच्या रंगाच्या खर्चाचा निम्मा भाग त्याचा. एसी काढून ठेवलेलं भिंतीतलं भोक पूर्ण त्याचं. हे पटवायला घर देतानाचे फोटो लागतात: प्रत्येक भिंत, सिंकच्या खालची बाजू, गिझर, डासांच्या जाळ्या. मी चाळीसेक काढतो आणि त्याच दिवशी ईमेलने पाठवतो.

भाडेवाढ मागण्याआधी

दोन वर्षांनी बाजारभाव वाढलेला असतो आणि हात शिवशिवतात. करारात ५ टक्के आहेत, १० मागावेत का? २२,००० वर ५ टक्क्यांचा फरक म्हणजे महिना १,१००, वर्षाला १३,२००. त्यावरून भाडेकरू गेला तर एक महिना रिकामा २२,०००, ब्रोकरेज २२,०००, रंग २८,०००. रंग कधीतरी करायचाच होता म्हणून तो सोडला तरी ४४,००० गेले. ते भरून यायला तीन वर्षांहून जास्त. वेळेवर पैसे देणारा, शेजाऱ्यांची तक्रार नसलेला माणूस असेल तर मी ५ वरच थांबतो.

सध्याच्या भाडेकरूंना तेच सांगितलं. त्या वहिनी म्हणाल्या, "चालेल काका, पण बाल्कनीला जाळी बसवून द्या, कबुतरांनी वैताग आणलाय." ३,२०० रुपये लागले. वास्तूचा खर्च म्हणून वहीत माझ्याच बाजूला लिहिला.